खडीवाले आणि उजेडवाले

पिराप्पा ड्रॉइंग मास्तर आणि मी तीन वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो. भांडण बांधाचं नव्हतं, पाण्याचं नव्हतं, बदलीचंही नव्हतं. फ्रान्स देशातली नवी चित्रकला नेमकी कुणापासून सुरू झाली, एवढंच होतं. आम्ही दोघांनी फ्रान्स सोडाच, मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. तरी संतपूरच्या शाळेत, पत्र्याच्या खोलीत, मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या अंगावर धावून जायचो. हेडमास्तर शिवशंकरप्पा दारातून डोकावून म्हणायचे, "झाली का तुमची विलायत? मग तिसरीचा वर्ग आवरा जरा."

मी उदगीरकडचा. एकोणीसशे पन्नासच्या जूनमध्ये मराठी शिकवायला इथे आलो. हैदराबादवरच्या पोलीस अ‍ॅक्शनला दोन वर्षंही झाली नव्हती. शाळेची भाषा उर्दूची मराठी झाली होती, सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर आली होती, पण हजेरीपटाचे रकाने अजून उर्दूतच छापलेले यायचे. ते मला पिराप्पा वाचून दाखवायचा. आमची ओळख झाली ती अशी.

तो धनगराच्या घरचा. बाप इरप्पा मेंढरं राखायचा. लहानपणी मेंढरांमागे हिंडताना पिराप्पानं महादेवाच्या देवळाची मागची भिंत कोळशानं भरून टाकली होती. त्याबद्दल पुजाऱ्यानं त्याला झोडपलं, आणि तीच भिंत बघून जुन्या शाळेच्या मौलवीसाहेबांनी चिठ्ठी देऊन त्याला हैदराबादला चित्रकला शिकायला धाडलं. दोन वर्षं तो शिकला. तिसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीसची गडबड सुरू झाली. गावाकडं निजामाच्या रझाकारांनी मेंढरं हाकून नेली, त्या धसक्यानं इरप्पा गेला, आणि पिराप्पा परीक्षा न देताच घरी परतला. हात तयार झाला होता, सर्टिफिकेट तेवढं राहिलं. शिवशंकरप्पांनी त्याला तात्पुरता म्हणून शाळेत घेतलं आणि तो तात्पुरताच राहिला. पगार कधी यायचा, कधी नाही. म्हणूनच त्याची आई बाणूबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. बिदरकडून औरादला जाणारा रस्ता तेव्हा नव्यानं करत होते, आणि गावाबाहेर कडेकडेनं दगडांचे ढीग पडले होते.

हैदराबादहून येताना त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. जुन्या बाजारात रद्दीच्या भावानं घेतलेलं, पुढची-मागची पानं गेलेली. त्यामुळे ते लिहिलं कुणी हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि शेवटी काय ठरलं हेही नाही. माझं इंग्रजी बरं, म्हणून वाचायचो मी. चित्रं समजावून सांगायचा तो. सगळा तंटा त्यातल्या दोन चित्रांवरून होता.

पहिलं काळं-पांढरं छापलेलं. शंभर वर्षांपूर्वीचं. रस्त्याच्या कडेला दोन माणसं खडी फोडताहेत, एक म्हातारा आणि एक तरणा. म्हाताऱ्यानं एक गुडघा टेकलेला. तोंडं दिसत नाहीत. कपडे फाटके. दुसरं चित्र रंगीत, त्यानंतर चाळीसेक वर्षांचं. शेतात उभी वाळल्या गवताची गंजी, आपल्याकडे कडब्याची असते तशी. त्या चित्रकारानं म्हणे तीच गंजी सकाळी काढली, दुपारी काढली, थंडीत काढली, मावळतीला काढली. पुस्तकात त्यातल्या दोन होत्या. एकीत गंजी जांभळी, दुसरीत लालभडक.

या दोन तऱ्हांना मराठीत वास्तववाद आणि दृक्प्रत्ययवाद म्हणतात हे मला पुढं कळलं. आम्ही खडीवाले आणि उजेडवाले म्हणायचो, आणि आमचं काही अडलं नाही.

मी उजेडवाला. माझं म्हणणं साधं होतं. खडी फोडणारी माणसं काढली, ठीक आहे, पण काढली कशी? जुन्याच तऱ्हेनं. तोच तपकिरी रंग, तीच घोटीव छाया. राजाच्या जागी मजूर बसवला म्हणून चित्र नवं होत नाही. गंजीवाल्यानं बघण्याची तऱ्हाच बदलली. गंजी तीच, पण सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. चित्र गंजीचं नाहीच, त्या घटकेचं आहे. नवं काही सुरू झालं असेल तर तिथून.

पिराप्पा हे शांतपणे ऐकायचा आणि मग विडी विझवून म्हणायचा, "मास्तर, तुमच्या गंजीला आत येऊ कुणी दिलं?"

"म्हणजे?"

"त्येच्या आगुदर चित्रात कोन होतं? राजा, रानी, देव, साधू. एवडं मोटं चित्र काढायचं तर माणूस बी मोटा लागायचा. एक दिवस ह्या बाबानं रस्त्यावरची दोन माणसं उचलली आन् जित्या माणसाएवडी काढली. लोक चिडले. ह्ये कामून काढलंस म्हनून शिव्या दिल्या. त्यानं दार उगडलं म्हनून तर मागनं तुमची गंजी आत आली."

"उजेडवाल्यांनाही लोक हसलेच की. पुस्तकातच आहे."

"हसनं येगळं आन् चिडनं येगळं," तो म्हणायचा, आणि घंटा व्हायची.

मी तोंडाळ माणूस. हरलो तरी शेवटचा शब्द माझा पाहिजे. मी त्याला वर्गापर्यंत गाठून ऐकवायचो, की तुझ्या खडीवाल्याला सूर्य कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा कळत नव्हतं. तो हसायचा. पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती. ते पान उघडताना तो आधी हात धोतराला पुसायचा. हैदराबादेत त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, ही आपली माणसं. यांना कुणी चित्रात घेत असेल तर आपल्यालाही जागा आहे. असं त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर शरमला.

बावन्नच्या दिवाळीनंतर खात्याचा कागद आला. सर्टिफिकेट नसलेल्या ड्रॉइंग मास्तरांनी जानेवारीत गुलबर्ग्याला परीक्षा द्यायची. स्वतःच्या हातचं एक चित्र न्यायचं आणि परीक्षकांपुढं तोंडी उत्तरं द्यायची. पास झाला तो कायम. नापास झाला तर जूनपासून त्याच्या जागी दुसरा. परीक्षक श्रीपतराव म्हणून कुणी होते. बिदरच्या एका मास्तरानं बातमी आणली, की श्रीपतराव फार शिकलेले आहेत, पक्के उजेडवाले आहेत, आणि नवी चित्रकला कुठून सुरू झाली हे प्रत्येकाला विचारतात.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी म्हणालो, "पिराप्पा, आता तरी मुकाट्यानं उजेडवाले म्हण आणि कायम हो."

"बगू," तो म्हणाला. "पयलं चित्र तर हू द्या."

दोन महिने दर रविवारी तो गावाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडं बाभळीखाली बसायचा. मांजरपाटावर सरस आणि सफेदा लावून त्यानं कापड तयार केलं होतं. हैदराबादहून आणलेल्या नळ्यांत तळाशी राहिलेला रंग, चुलीची काजळी, कमठाण्याच्या बाजूची लाल माती, अशी सगळी जमवाजमव. बाणूबाईला वाटायचं, पोरगा आपल्याला सोबत म्हणून येतो. ती जेवायला बसायची तेव्हा निम्मी भाकर त्याच्याकडं धाडायची.

चित्र पुरं झालं तेव्हा त्यानं मला घरी बोलावलं. दार लावून चित्र भिंतीशी उभं केलं. बाणूबाई पाठमोरी-तिरकी बसलेली. पदर पुढं ओढलेला, तोंड दिसत नाही. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, उजव्या हातात हातोडी वर उचललेली. चोळीला खांद्यावर दुसऱ्या रंगाचं ठिगळ. टाचा भेगाळलेल्या. बाकी दगड आणि ऊन. मी उजेडवाला, पण सूर्य कुठल्या बाजूला आहे हे बघायचंही विसरलो. या बाईला मी रोज बघत होतो, आणि एकदाही बघितलं नव्हतं.

"काय मास्तर?" त्यानं विचारलं.

"हे ने," मी म्हणालो. "हे बघून कोण तुला नापास करतो बघतो मी."

त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर एक बारकं चित्र पडलं होतं. गावातल्या जगदेवप्पांच्या खळ्यातली कडब्याची गंजी, मावळतीच्या उजेडात. मीच एकदा डिवचलं होतं, की तुला उजेडातलं काही येतच नाही, म्हणून माझं तोंड बंद करायला त्यानं ते अर्ध्या तासात फटकारून टाकलं होतं. बरं होतं. पण त्या मोठ्या चित्रापुढं त्याच्याकडं लक्षही जात नव्हतं.

यापुढं जे झालं ते माझ्यामुळं. पिराप्पा मला म्हणाला होता की मायला अजून दाखवलं नाही, एवढ्यात दाखवायचंही नाही. मला ते खुळेपण वाटलं. तो पाणी आणायला आडावर गेला, आणि मी ते चित्र उन्हात नीट बघावं म्हणून अंगणात आणून ठेवलं. तेवढ्यात बाणूबाई कामावरून आली. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडी. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आक्का, हे बघा. तुम्ही!"

तिनं पाटी उतरवली. चित्रापुढं उभी राहिली. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ह्येचं काय करनार?"

"गुलबर्ग्याला नेणार. मोठे साहेब बघतील. पसंत पडलं तर कचेरीत भिंतीवर लावतील. तुम्ही तिथं कायमच्या राहाल, आक्का!"

ती पाटी उचलून आत गेली. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराप्पाची बायको पद्माबाई माझ्या दारात आली. सासूनं रात्री भाकरीला हात लावला नव्हता आणि नवऱ्याशी बोलतही नव्हती. "तुमीच दाखवलाव म्हनं," पद्माबाई म्हणाली. "आता तुमीच येऊन समजावा."

मी गेलो. बाणूबाई देवाच्या कोनाड्यापुढं बसली होती. पिराप्पा दाराला टेकून उभा. तिनं कोनाड्यातून एक लहानसं फडकं काढलं आणि माझ्यापुढं उलगडलं. आत टाक होते. त्या घरात माणूस गेलं की सोनाराकडून चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून आणतात आणि देवांत बसवतात. दर सणाला त्याला हळद लागते, नैवेद्य दाखवतात. माणसाची मूर्ती करायची ती तो गेल्यावर, आणि एकदा बसवली की पुढच्या पिढ्यांना तो तसाच दिसणार, हे तिला जन्मापासून ठाऊक. आमच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं.

तिनं एक टाक उचलला. घोड्यावर बसलेला माणूस, हातात भाला, डोक्याला फेटा.

"ह्यो ह्येचा बाप," ती म्हणाली. "जल्मात घोड्यावर बसला न्हाई. मेंढराच्या मागं अनवानी हिंडला, आन् तसाच गेला. पर देवात कसा बसलाय बगा." मग दुसरा. "ही माजी सासू. जळनाला काटूक गोळा करून मेली. हितं हिच्या अंगावर साज हाय." दोन्ही टाक तिनं परत फडक्यात ठेवले आणि पहिल्यांदा पिराप्पाकडं बघितलं. "मला मातर तू असं बसीवलास. चिंध्या बांदून. हातुडी घेऊन. ह्ये मास्तर म्हनत्यात, कायमचं. जितं हाय तवर फोडते की रे मी. मेल्यावर बी मला खडीच फोडाय लावनार का तू?"

पिराप्पानं काहीतरी सुरुवात केली, की माय, हे टाक न्हाई, हे चित्र हाय. फ्रान्सात असंच एकानं... मग तोच थांबला. मी तर त्या घरातून कधी बाहेर पडतो असं झालं होतं.

वाटेत तो माझ्याबरोबर शाळेपर्यंत आला. म्हणाला, "मास्तर, त्या फ्रान्सवाल्यानं त्या दोघास्नी दाखवलं आसंल का वो चित्र? त्ये काय म्हनले आसतील?"

पुस्तकात तसं काही नव्हतं. निदान आमच्याकडं होती त्या पानांत नव्हतं.

मी त्याला आठ दिवस समजावलं. चित्र फक्त दोन दिवस न्यायचं आहे. गुलबर्गा इथून लांब, बाणूबाईला कळणारही नाही. एकदा कायम झालास की तिला खडी फोडावीच लागणार नाही, मग तिचं चित्रच खोटं ठरेल, हवं तर तेव्हा जाळून टाक. हा शेवटचा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता. पिराप्पानं ऐकून घेतलं. परीक्षेच्या दिवशी मीही रजा काढून त्याच्याबरोबर निघालो. बिदरहून गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसलो तेव्हा त्याच्या काखेत चित्राची गुंडाळी नव्हती. वर्तमानपत्रात बांधलेला एक पुठ्ठा होता. गंजी.

मी हुमनाबादपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. रागच एवढा आला होता.

परीक्षा एका शाळेच्या हॉलात होती. खिडकीतून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. श्रीपतराव म्हणजे पन्नाशीचे, बारीक, चष्मेवाले गृहस्थ, बोलणं अगदी मृदू. त्यांनी गंजीचं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. त्यांना ते आवडलं हे सरळ दिसत होतं. म्हणाले, "उजेड चांगला पकडला आहे तुम्ही. किती वेळात काढलंत?"

"अर्द्या तासात, साहेब."

"वा. मग मला सांगा, नवी चित्रकला सुरू झाली ती कुठून?"

मी खिडकीचे गज घट्ट धरले. उत्तर श्रीपतरावांच्या हातातल्या पुठ्ठ्यावरच होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

पिराप्पा म्हणाला, "खडी फोडनारे काढले, तितून, साहेब." आणि त्यानं तेच सगळं सांगितलं, जे मी तीन वर्षं ऐकत होतो. आधी चित्रात कोण होते, मग कोण आले, दार कुणी उघडलं. आमच्या खोलीत सांगायचा त्यापेक्षा किती तरी चांगलं सांगितलं.

श्रीपतराव चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं जर तुमचं ठाम मत आहे, तर चित्र गंजीचं का आणलंत?"

"खडीचं बी काढलंय. माज्या मायचं. आनता आलं न्हाई."

"का?"

"तिला पसंत न्हाई, साहेब."

"चित्राला पसंती चित्रकाराची लागते, मास्तर."

"म्या बी तसंच समजत हुतो," पिराप्पा म्हणाला.

श्रीपतरावांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, की एका हातानं एक चित्र पुढं करायचं आणि तोंडानं दुसऱ्याची बाजू घ्यायची, याला मी मार्क कसे देऊ? मी परवा दुपारपर्यंत इथं आहे. ते चित्र घेऊन या. तुम्ही सांगता त्याच्या निम्मं जरी ते असेल, तर माझं मत बाजूला ठेवून मी पासाची सही करीन. माणूस सज्जन होता. आता लिहितानाही मला त्याचा राग आणता येत नाही.

आम्ही त्याच दुपारी परत निघालो. बिदरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी संतपूरला पोचलो. अकराची बस पकडली तर चित्र घेऊन दुपारी परत बिदर, रात्री तिथं मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत गुलबर्गा. मी सगळा हिशेब जुळवून ठेवला होता. पिराप्पा घरी गेला आणि मी बसच्या थांब्यावर जाऊन बसलो.

तो आला तेव्हा त्याच्या काखेत गुंडाळी होती. गुंडाळीवर लुगडं. जांभळं इरकली, रुंद काठाचं. बाणूबाईचं तेवढं एकच चांगलं लुगडं होतं, पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. मी उठून उभा राहिलो.

"काय म्हणाली?"

"समदं खरं सांगितलं. ह्ये नेलं तर कायम, न्हाई तर जूनला घरी. तिनं एकदा बी कामून म्हनून इच्यारलं न्हाई. पेटी उगडली, आपल्या हातानं लुगडं गुंडाळलं. म्हनली, ने. येवडं गुंडाळून तरी ने."

मी म्हणालो, "मग झालं तर! तिनं स्वतः दिलं ना? आता तुझ्या मनाला टोचायला नको."

बस लांबून धुरळा उडवत येताना दिसली. पिराप्पा तिच्याकडं बघत होता. म्हणाला, "मास्तर, माजी नोकरी मदी घालून म्या इच्यारलं. तवा तिला न्हाई म्हनता आलं आसतं का?"

बस आली. कंडक्टरनं बिदर, बिदर म्हणून हाका मारल्या. मी पिराप्पाला दंडाला धरून पायरीपर्यंत नेलं सुद्धा. त्यानं हळूच दंड सोडवून घेतला. बस गेल्यावर मी त्याला गावाच्या मधोमध उभं करून वाटेल ते बोललो. मूर्ख म्हणालो, भेकड म्हणालो. तुझ्या या सोवळेपणापायी तुझी म्हातारी जन्मभर दगड फोडील, असंही म्हणालो. तो शब्द मी परत घेऊ शकलो नाही. तो घरी गेला, लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि दुपारी शाळेत येऊन चौथीच्या फळ्यावर हैदराबाद संस्थानाचा नकाशा काढला. नकाशे तो फार सुरेख काढायचा.

चित्र त्यानं माझ्याकडं ठेवायला दिलं. घरात ठेवलं तर तिच्या नजरेला पडेल म्हणून. मी ते कुणाला दाखवलेलं नाही. इथं शब्दांत सांगितलं तेही कदाचित जास्तच झालं.

मार्चमध्ये निकाल आला आणि जूनमध्ये सर्टिफिकेटवाला नवा मास्तर आला. शिवशंकरप्पांनी बिदरला दोन खेपा घातल्या, काही झालं नाही. पिराप्पानं पावसाळाभर पेरणी-खुरपणीची मजुरी केली, औरादच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्याही संपल्या. दसऱ्यानंतर तो दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही. थांब्यावर जे बोललो होतो त्यानंतर त्याच्या घराकडं पाय वळत नव्हता.

मार्गशीर्षात मी शाळेच्या कामासाठी सायकलवरून औरादला चाललो होतो. गावाबाहेर मैलभर अंतरावर खडीचं काम सुरू होतं. आठ-दहा माणसं ओळीनं बसली होती. त्यांत बाणूबाई होती आणि तिच्या शेजारी पिराप्पा. एक गुडघा टेकलेला, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या. रस्त्याच्या कामावर नवा ओव्हरसियर आला होता, धारवाडकडचा, टोपीवाला. तो ओळीत हिंडत बघत होता. पिराप्पापाशी थांबला. हात मजुराचे नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं कन्नडात विचारलं, हा कोण? नवा दिसतो.

पिराप्पानं मान वर केली नाही. बाणूबाईनं हातोडी खाली ठेवली, पदर नीट केला आणि ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजा ल्योक हाय, साहेब. शाळेत मास्तर हाय. चित्रं काडतंय. सुट्टीला आलंय, म्हनून मला जरा हात लावायलंय."

ओव्हरसियरला मराठी थोडं कळत होतं. त्यानं पुन्हा पिराप्पाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सायकलवरून उतरून उभा होतो, बगलेत शाळेची रजिस्टरं. पिराप्पानंही आता वर बघितलं. बाणूबाई माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, हुकूम होता.

मी म्हणालो, "व्हय साहेब. आमच्या शाळेतच आहेत ते. सुट्टी आहे सध्या."

त्या दिवशी बुधवार होता.